धडा घेणारा वाचक भोळा नसतो

एखाद्या कादंबरीत खून आहे, पाठलाग आहे, दोन माणसांचे प्रेम आहे आणि या सगळ्याच्या मुळाशी देवावरचा विश्वास आहे, एवढे सांगितले की आपल्याकडच्या जाणकार मंडळींच्या कपाळावर आठ्या चढतात. त्यातला देव ख्रिस्ती असेल तर विचारायलाच नको. पुस्तक न उघडताच निकाल लागतो: हा प्रचार आहे. आणि ते वाचून 'मला यातून काही मिळाले' असे म्हणणारी बाई समोर असेल, तर तिच्याकडे ज्या कीव करणाऱ्या नजरेने पाहिले जाते, ती नजर मला फार वर्षे खुपते आहे. मी शहाडला राहते. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात वाचणाऱ्या माणसांत माझे आयुष्य गेले. वाचक मेळाव्यात, महाविद्यालयाच्या मराठी विभागात आणि चर्चच्या आवारातसुद्धा ही नजर मी पाहिली आहे. तिला उत्तर द्यायची वेळ आली आहे असे मला वाटते.

आधी या पुस्तकांविषयी. अमेरिकेत अशा कादंबऱ्यांची स्वतंत्र शाखाच आहे. जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' 1979 मध्ये आली आणि श्रद्धाळू माणसांच्या प्रेमकथेला तिथे मोठा वाचकवर्ग मिळाला. पुढे या शाखेत रहस्य आले, पोलीस आले, बॉम्ब आणि अपहरणे आली. डी हेंडरसन, टेरी ब्लॅकस्टॉक, आयरीन हॅनन, लिनेट ईसन ही त्यातली ठळक नावे. ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठीचे 'क्रिस्टी' पुरस्कार 1999 मध्ये सुरू झाले. हार्लेक्विनसारख्या प्रेमकथांच्या बड्या प्रकाशनाने 2005 मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' ही वेगळी मालिकाच काढली. कथेची घडण साधारण ठरलेली असते. कोणाच्या तरी जिवावर कोणी उठलेले आहे. नायक-नायिका त्या संकटात एकत्र येतात. दोघांपैकी एकाची देवावर श्रद्धा आहे, दुसऱ्याची जुन्या घावामुळे उडालेली आहे. खुनी कोण, हे दोघे एकमेकांचे होणार का आणि देव आहे तर हे सगळे का घडते, हे तिन्ही प्रश्न शेवटपर्यंत सोबत चालतात. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत ही पुस्तके इंग्रजीत वाचली जातात. जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून येतात, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जातात, हल्ली मोबाइलवरही असतात.

आता यावरचा आक्षेप. तो मी त्याच्या पुऱ्या जोरानिशी मांडते, म्हणजे पळवाट काढली असे कोणी म्हणायला नको. आक्षेप असा की, कथेत धडा आला की कला गेली. प्रेम आणि रहस्य ही दोन्ही हलकी आमिषे आहेत आणि त्यांच्या आडून धर्म गळी उतरवायचा ही लबाडी आहे. हे वाचणारा वर्ग, त्यातही बायका, भोळा असतो. त्याला कथा आणि उपदेश यांतला फरक कळत नाही. शिवाय हा सगळा प्रकार परका आहे, मराठी मातीशी त्याचा संबंध नाही. आणि चर्चमधली वडीलधारी मंडळी याला आणखी एक पुरवणी जोडतात: विश्वासाचा धडा हवा तर पवित्र शास्त्र आहे, त्यासाठी खुनाच्या गोष्टी कशाला?

यातला एकही मुद्दा मला मान्य नाही.

परकेपणापासूनच सुरुवात करते, कारण तो मुद्दा नुसत्या विस्मरणावर उभा आहे. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी कोणती? बहुतेक अभ्यासक ज्या पुस्तकाकडे बोट दाखवतात ते बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', साल 1857. बाबा पदमनजी बेळगावचे, जन्म 1831 चा, 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. यमुना ही शिकलेली तरुण मुलगी नवरा विनायक याच्याबरोबर प्रवासाला निघते. वाटेत गावोगावच्या विधवांच्या हकिगती तिच्या कानी पडतात. मग विनायकच मरण पावतो आणि जे तिने इतरांचे ऐकले ते सगळे तिच्या स्वतःच्या पुढ्यात उभे राहते. अखेर ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. नवराबायकोतले प्रेम, डोक्यावर टांगलेले संकट, पुढे हिचे काय होणार ही धाकधूक आणि श्रद्धेचा प्रश्न, यातले काय कमी आहे? आज अमेरिकेतून आलेला नवा प्रकार म्हणून ज्याला नाके मुरडली जातात, त्याची पूर्वज आपल्या भाषेच्या कादंबरीच्या उंबरठ्यावरच उभी आहे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. त्यानंतर वर्षभरात एका मराठी लेखकाने विधवेला कथेची नायिका केले, तिला प्रवासाला धाडले, तिला विचार करायला लावले आणि तिचे दुसरे लग्न लावून दिले. हे धैर्य त्याला कुठून आले? त्याच्या श्रद्धेतून आले. ज्या धड्याला तुम्ही कलेचा शत्रू म्हणता, त्या धड्यानेच हे पुस्तक लिहवून घेतले.

या पुस्तकावरचा ठरलेला शेरा 'मिशनरी कादंबरी' असा आहे. तो मारून अनेकांनी त्याला बाजूला ठेवले. मला या शेऱ्याचा राग येतो तो यासाठी की, तो पुस्तकात काय आहे हे सांगतच नाही. नारो सदाशिव रिसबूड यांनी 1868 मध्ये 'मंजुघोषा' लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी तक्रार केली आहे की, आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आपल्या आयुष्यात कथेला रंजक असे काही उरतच नाही. म्हणून त्यांना अद्भुताकडे वळावे लागले. त्याआधी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये त्याच अद्भुताच्या वाटेने गेली होती. पण रिसबुडांच्या अकरा वर्षे आधी पदमनजींनी नेमक्या त्याच चालीरीतींतून, त्यांच्यातल्या दुःखातून कथा उभी केली होती. रिसबुडांना जिथे काहीच दिसले नाही तिथे पदमनजींना माणसे दिसली. ही दृष्टी त्यांना शेजारच्या बाईच्या दुःखाकडे देवाच्या नजरेने पाहायला शिकवणाऱ्या विश्वासाने दिली. हे सत्य एका शेऱ्याखाली पुरून टाकणे हा कसला जाणतेपणा?

1857 हे साल आणखी एका गोष्टीसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. दोन्ही बाजूंनी शास्त्राधार, तर्क, प्रश्नोत्तरे. त्या वादात कोणी कोणाला कुठे पेचात पकडले हे आज अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक आहे? यमुना मात्र अजून वाचता येते आणि वाचताना आजही पोटात कालवते. श्रद्धेविषयी जे वादात सांगता येत नाही ते कथेत सांगता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आता 'धडा आला की कला गेली' हा मुद्दा. हा नियम असेल तर तो सगळ्यांना लावा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकातली रात्रीमागून रात्र कशासाठी आहे? प्रत्येक रात्री एक आठवण आणि त्या आठवणीतून एक शिकवण. ती लपवलेलीही नाही. महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर रडल्या आणि त्यातून देवाविषयी, आईविषयी, प्रामाणिकपणाविषयी शिकल्या. त्या पुस्तकाला प्रचारकी म्हणून फेकून द्या असे म्हणायची कोणाची छाती होईल? हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचे तर नावच जाब विचारते. केशवपनाविरुद्ध तिने जे शिकवले ते शिकवण म्हणूनच शिकवले. इथे धडा चालतो, गौरवला जातो, पाठ्यपुस्तकात येतो. आणि एखादी ख्रिस्ती नायिका संकटात गुडघे टेकते तेव्हा मात्र अचानक कलेच्या शुद्धतेची आठवण होते. हा नियम कलेचा नाही. हा दुजाभाव आहे आणि त्याला दुसरे नाव द्यायची माझी तयारी नाही.

यापुढचा आक्षेप प्रेम आणि रहस्य यांच्या हलकेपणाचा. याचे उत्तर शोधायला मला शहाडच्या बाहेर जावे लागत नाही. सेंच्युरी रेयॉनच्या शेजारी आमचे विठ्ठल मंदिर आहे, ज्याला सगळे बिर्ला मंदिर म्हणतात. आषाढीला इथे पहाटेपासून रांग लागते. ज्यांना पंढरपूरला जाणे होत नाही ते टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंतचे लोक इथे येतात. त्या रांगेतल्या कोणत्याही आजीला विचारा, मुलीचे लग्न जमत नसेल तर काय वाचायचे? ती सांगेल, रुक्मिणीस्वयंवर. संत एकनाथांनी ते शके 1493 मध्ये, म्हणजे 1571 मध्ये, काशीत पुरे केले. त्यात काय आहे ते पाहा. मुलीचे मन एकावर आणि भावाने लग्न ठरवले दुसऱ्याशी. ती घरच्यांच्या नकळत पत्र लिहिते आणि एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवते. इकडे मांडव उभा राहतो, नवरा शिशुपाल वऱ्हाड घेऊन दाखल होतो आणि निरोप्या परत आलेला नाही. पत्र पोचले का? पोचले तर तो येईल का? आला तर वेळेत येईल का? अंबिकेच्या देवळातून बाहेर पडेपर्यंत तिचा आणि ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. मग रथ, हरण, पाठलाग, लढाई. प्रेम आहे, रहस्य आहे, जिवावरचा प्रसंग आहे आणि नाथांनी त्यातूनच जीव आणि शिव यांच्या भेटीचा अर्थ काढून दाखवला आहे. मुली त्याचे पारायण करतात ते श्रद्धेने करतात आणि त्यातून श्रद्धाच घेतात. साडेचारशे वर्षे महाराष्ट्राला यात काही हलके वाटले नाही. मग तोच घाट दुसऱ्या धर्माच्या बाईच्या हातात दिसला की तो स्वस्त कसा होतो?

आपले कीर्तन तरी काय आहे? पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यानात कीचकाचा वध असेल, प्रल्हादाला कड्यावरून ढकलणे असेल, उकळत्या तेलात टाकलेला सुधन्वा असेल. बुवा ऐन प्रसंगाला थांबतात, अभंग घेतात, सभामंडपातली माणसे श्वास रोखून बसतात. तो श्वास रोखलेला असतो तेव्हाच पूर्वरंगातला सिद्धांत आत उतरतो, हे आपल्या कीर्तनकारांना पुरते माहीत आहे. हा घाट मराठी ख्रिस्ती माणसांनाही आपलाच वाटला. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरच्या मिशनच्या परिसरात ख्रिस्ती कथेसाठी कीर्तन उभे केले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याला आपल्या कवित्वाचे बळ दिले. त्याहून कितीतरी आधी, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. तेही नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणे ऐकण्याची ओढ होती म्हणूनच. श्रद्धा आणि गोष्ट यांची ताटातूट या भाषेत कधी झालेलीच नाही. ती आज कोण करू पाहत आहे आणि कशासाठी?

आणि हे मराठीपुरतेच नाही. शहाड स्टेशनातून बाहेर पडून रिक्षाने दहा मिनिटे गेले की उल्हासनगर. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव. ती माणसे येताना घरदार मागे टाकून आली, पण सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या नायिका सोबत घेऊन आली. ससुईच्या नवऱ्याला, पुन्हूला, त्याचे भाऊ रात्री नशेत टाकून उंटावर बांधून नेतात आणि ती एकटी डोंगर-वाळवंट तुडवत त्याच्या मागे निघते. मारुईला उमर राजा कोटात डांबतो, दागिने पुढे ठेवतो. ती मलीरच्या आपल्या माणसांची आठवण सोडत नाही. अपहरण, कैद, पाठलाग, प्रेम. आणि अडीच-तीनशे वर्षे सिंधी माणूस, हिंदू असो की मुसलमान, या कथांतून देवाच्या शोधाचा अर्थ घेत आला. सिंधी 'भगत' हा गाण्या-नाचण्याचा प्रकारही या प्रेमकथा आणि भक्ती एकाच रात्री एकाच रंगमंचावर मांडायचा. संत कंवररामांचे नाव आजही उल्हासनगरच्या घराघरांत आदराने घेतले जाते ते अशाच परंपरेतले. विठ्ठल मंदिराच्या रांगेतली आजी आणि कॅम्पातली सिंधी आजी, दोघींनाही प्रेमकथेतून देव कळतो हे आपण सहज मान्य करतो. त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या ख्रिस्ती बाईला तो कळू नये, असा हट्ट कशासाठी?

आता त्या बाईविषयीच बोलते, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिच्यावर आहे. 'वाचक भोळा' असे म्हणणाऱ्यांनी तो वाचक जवळून पाहिलेलाच नाही. माझ्या ओळखीच्या एक नर्स आहेत. माहेर नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांचे ख्रिस्ती घर. राहायला शहाडला, नोकरी ठाण्याच्या एका रुग्णालयात. कसाऱ्याहून येणारी लोकल शहाडला येते तेव्हा बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या दाराजवळच्या खांबाला पाठ लावून उभ्या राहतात आणि पिशवीतून पुस्तक काढतात. वर वर्तमानपत्राचे कव्हर, पानांच्या कडा पिवळ्या, ज्या पानावर थांबायचे तिथे केस बांधायचे रबर. पुस्तक होते डी हेंडरसन यांचे 'द निगोशिएटर'. त्यातली केट ओमॅली ओलीस सोडवण्याची कामगिरी करणारी पोलीस अधिकारी आहे, तिचा देवावर विश्वास नाही. तिच्या जिवावर कोणी उठले आहे आणि एफबीआयचा श्रद्धाळू अधिकारी डेव्ह रिचमन तिच्यावर प्रेम करू लागला आहे. ती आणि तिची सहा भावंडे अनाथाश्रमात एकत्र वाढली, त्यांनीच एकमेकांना कुटुंब मानले आणि आडनाव घेतले. त्यातल्या जेनिफरला कर्करोग होतो.

मी त्यांना विचारले, यातून तुम्ही काय घेता? त्या म्हणाल्या, "ताई, ती देवाशी भांडते, पण कामाला दांडी मारत नाही. माझ्या वॉर्डात पोरगं गेलं त्या रात्री मीपण देवाशी भांडले आणि सकाळी पुढच्या बेडला सलाईन लावलं. मी एकटीच अशी नाही, एवढं मला कळलं." मग म्हणाल्या, "आणि जेनिफरचं दुखणं प्रार्थना केली म्हणून झटक्यात जात नाही. ते मला खरं वाटलं."

यात भोळेपणा कुठे आहे? चमत्काराची आशा कुठे आहे? मृत्यू रोज पाहणाऱ्या बाईने पुस्तकातून आपल्याला हवे ते नेमके उचलले, उरलेले बाजूला ठेवले. बंदुका, हेलिकॉप्टर, नायकाचे देखणेपण यांच्यात ती अडकली नाही. ज्यांनी साहित्याचे सिद्धांत पाठ केले आहेत त्यांच्यातले किती जण एवढ्या नेमकेपणाने सांगू शकतात की एखाद्या कादंबरीने मला हे दिले? वाचणारी बाई कमावती, दमलेली, गर्दीत उभी राहून वाचणारी आहे म्हणून तिच्या वाचनाची किंमत कमी होत नाही. उलट तिला पुस्तक उघडायला वेळ चोरावा लागतो. तो तिने कशासाठी चोरला हे तिला चांगले माहीत असते.

या तिरस्काराचा इतिहासही मराठीत आहेच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, गिरणगावापासून खेड्यांपर्यंत लोकांना वाचायची सवय लावली आणि समीक्षेने त्यांना दारातही उभे केले नाही. लोक ज्यात रमतात ते कमअस्सलच असणार, ही धारणा तेव्हा होती, आजही आहे. त्यात श्रद्धा मिसळली की संशय दुप्पट होतो आणि वाचणारी बाई असली की तिप्पट.

लबाडीचा आरोप उरतो, तो टाळण्यासारखा नाही. प्रेमाच्या आडून धर्म गळी उतरवतात, असे म्हणतात. आपल्या आजच्या वातावरणात या वाक्याला धारही वेगळी आहे. म्हणून मुद्दाम पुस्तकांकडे पाहू. या कादंबऱ्यांत श्रद्धाळू माणूस प्रेम पुढे करून दुसऱ्याला धर्मात ओढत नाही. बहुतेक वेळा उलटे होते: श्रद्धा जुळत नाही म्हणून तो प्रेमालाच थोपवून धरतो. डेव्ह केटवर प्रेम करतो, पण तिच्या विश्वासाची घाई करत नाही. तिचा निर्णय तिचाच राहावा म्हणून त्याला स्वतःला तळमळत थांबावे लागते. याला आमिष म्हणायचे तर संयम कशाला म्हणायचे? आणि खऱ्या आयुष्यातले उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळक आहेतच. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नीची ताटातूट झाली. ही दोघे पुन्हा एकत्र येणार का, आली तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न काही वर्षे टांगलेला राहिला. लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याजवळ राहू लागल्या तेव्हाही त्यांनी त्याचा धर्म लगेच घेतला नाही. आपल्या मनाने, आपल्या वेळेला, 1900 मध्ये घेतला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्या लाखो मराठी वाचकांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते आणि वाचून ख्रिस्ती झालेही नाहीत. त्यांनी त्यातून माणूसपण घेतले, सोवळ्याचे ओझे टाकण्याचे बळ घेतले, हसणे घेतले. वाचक एवढा स्वतंत्र असतो. त्याला गळी उतरवता येत नाही. तो चावून, चव पाहून घेतो.

वाईट पुस्तके या शाखेत आहेत हे मी नाकारत नाही. काहींत खलनायक केवळ नास्तिक आहे म्हणून दुष्ट असतो, काहींत प्रार्थना संपायच्या आत गोळी चुकते. ती पुस्तके वाईट आहेत, कारण ती खोटी आहेत. त्यांत श्रद्धा आहे म्हणून ती वाईट ठरत नाहीत. वाईट ग्रामीण कादंबरी निघाली म्हणून शेतकऱ्यावर लिहायचे थांबा असे कोणी म्हणत नाही.

आता चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि त्यांच्याशी भांडायला मला सगळ्यात जास्त दुःख होते. पाळकसाहेब, तुम्ही म्हणता शास्त्र पुरेसे आहे. पण शास्त्र तरी काय वाचायला देते? रूथचे पुस्तक उघडा: परक्या देशातली तरुण विधवा, सासूचा हात न सोडणारी, रात्री खळ्यात बवाजाच्या पायांशी जाऊन निजते आणि सकाळी वेशीत काय ठरेल यावर तिचे सारे आयुष्य अवलंबून असते. एस्तेर उघडा: राजवाड्यातली राणी, आपल्या लोकांच्या संहाराचा कट, न बोलावता राजापुढे गेली तर मरण, हामानाने मर्दखयासाठी उभारलेला फाशीचा खांब आणि त्याच खांबावर शेवटी हामान. याहून कसलेले रहस्य कोणत्या कादंबरीत आहे? आणि त्या पुस्तकाच्या हिब्रू संहितेत देवाचे नाव एकदाही येत नाही. तरी मंडळी शतकानुशतके त्यातून देवाच्या राखणीचा धडा घेत आली. तो कोणी घेतला? वाचकांनी घेतला. येशूने स्वतः लोकांना शिकवायला काय वापरले? यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी झोडपून टाकलेला माणूस, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा. मराठी मंडळीनेही हेच केले. हरि केशवजींनी इंग्रज लेखक बन्यन यांचे प्रसिद्ध रूपक 1841 मध्ये 'यात्रिक्रमण' म्हणून मराठीत आणले, तेही राक्षस, कैद आणि सुटका यांनी भरलेले आहे. ज्या घरात हा वारसा आहे तिथे मुलीच्या उशाखाली कादंबरी सापडली म्हणून तिला ओरडायचे? तिने त्या कादंबरीतून काय घेतले हे आधी तिला विचारा. कदाचित ती उपासनेला का येते, किंवा येत का नाही, हेही त्या उत्तरात तुम्हाला सापडेल.

माझी खरी तक्रार याच्याही पलीकडची आहे. आमच्या भागातली ख्रिस्ती मुलगी आज विश्वासाची, प्रेमाची आणि भीतीची गोष्ट वाचते ती शिकागोची वाचते. शहाडच्या पुलावर रात्री रिक्षा न मिळालेल्या मुलीची, अंबरनाथच्या कारखान्यातल्या अपघाताचे सत्य शोधणाऱ्या बापाची, आंतरधर्मीय प्रेमापुढे दोन घरे कशी हादरतात याची, आणि या सगळ्यात देवाला हाक मारणाऱ्या किंवा देवावर रुसलेल्या माणसाची कादंबरी तिला मराठीत मिळत नाही. का मिळत नाही? लिहिणाऱ्याने हे लिहिण्याआधीच त्याच्या कानावर 'प्रचार' हा शब्द आदळतो म्हणून. ज्या भाषेने या प्रकाराने आपली कादंबरी सुरू केली, त्या भाषेत तो लिहायची आज लोकांना लाज वाटते. ही लाज समीक्षेने लावली आहे आणि ती समीक्षेनेच काढून घ्यायला हवी.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. श्रद्धा हा माणसाच्या आयुष्यातला खरा विषय आहे. प्रेम आणि भीती यांच्या कात्रीत तो सर्वात उघडा पडतो. आणि तिथे त्याची गोष्ट सांगणे हे साहित्याचे पूर्ण हक्काचे काम आहे. त्या गोष्टीतून धडा घेणारी वाचक कोणापेक्षाही कमी नाही. ज्यांना अजूनही हा सगळा प्रकार परका आणि हलका वाटतो त्यांनी पुढचा लेख लिहिण्याआधी बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयात किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जावे, 'यमुनापर्यटन' मागून घ्यावे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. त्यानंतर जे बोलायचे ते बोलावे. मी ऐकायला तयार आहे.